संगणकांतील पडलेला मदतनीस

घरांत कार्य निघालें म्हणजे यजमान सगळेंच काम स्वतः करीत नाहीं. आचारी, वाढपी असे मदतनीस नेमतो. संगणकांतही तसेंच आहे. मुख्य प्रोग्राम एखादें काम दुसऱ्या लहान प्रोग्रामावर सोंपवितो. तो मदतनीस कोसळला तरी यजमान जिवंत राहतो, हा ह्या व्यवस्थेचा मोठा लाभ. फायरफॉक्सनें २०१० सालीं प्लगिन वेगळे काढले ते ह्याच हेतूनें.

परंतु मदतनीस कोसळला, हें यजमानास कळावें कसें? जातांना त्याच्या नांवें एक अंक मागें राहतो. शून्य म्हणजे काम सुरळीत झालें, हा संकेत बहुधा सर्वत्र सारखाच. अपघाती मरणाची नोंद मात्र प्रत्येक कार्यप्रणाली आपापल्या रीतीनें करते. मदतनीसानें आपल्या हद्दीबाहेरील स्मृतींत हात घातला, तर लिनक्स त्यास ११ क्रमांकाच्या सिग्नलानें थांबवितें व पायथन भाषा ती नोंद उणे ११ अशी दाखविते. विंडोजवर त्याच अपराधाबद्दल ३२२१२२५४७७ असा अवाढव्य धन अंक येतो.

ह्या भेदाची किंमत आम्हीं विंचुरास पाहिली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें कांद्याच्या पावत्यांची बेरीज करणारा प्रोग्राम लिहिला. ‘अंक उणे आला तर मदतनीस मेला’ हा त्याचा नियम लिनक्सवर बरोबर चालला. विंडोजवर मदतनीस मध्येंच पडला; अंक धन, म्हणून अर्धवट बेरीज पूर्ण समजून छापली गेली. सायंकाळीं पावत्या हातानें ताडल्या, म्हणूनच एका शेतकऱ्याचे पैसे बुडावयाचे वांचले.

उपाय कठीण नाहींत. शून्यावांचून प्रत्येक अंक अपयशाचा मानावा. प्रत्येक कार्यप्रणालीच्या नोंदीचें ‘पूर्ण’, ‘चुकला’ व ‘कोसळला’ ह्या तीन शब्दांत भाषांतर एकाच ठिकाणीं करावें. बाकीच्या प्रोग्रामानें केवळ ते शब्द वाचावेत. मदतनीसाचें लिखाण तात्पुरत्या नांवाच्या फाइलींत असावें व ‘पूर्ण’ हा निरोप आल्यावरच तिला खरें नांव द्यावें. उत्तराची वाट पाहण्यास कालमर्यादा असावी, आणि पडलेल्यास पुन्हा उठवावयाचें तें दोनतीनदांच. नाहींतर तो पडतच राहील.

वर्गांत हजेरी घेतांना उत्तर आलें नाहीं, तर शिक्षक ‘हजर’ असें लिहीत नाहीं. संगणकासही एवढीच शिस्त लावावयाची आहे.