सदस्याला काढणार कोण?

चिरनेरला आमच्या वर्गातल्या मुलांनी ग्रामपंचायतीचा खेळ मांडला. तिसऱ्याच सभेत घरपट्टी थकवली म्हणून एका सदस्याला हात वर करून काढून टाकले! आम्ही खेळ थांबवला. ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14 नुसार बिल मिळूनही तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यपद जाऊ शकते. पण कलम 16 प्रमाणे निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा, तोही त्या सदस्याचे म्हणणे ऐकून. बहुमताचा तिथे संबंध नाही. खेळातल्या सदस्याला तर बिलच कोणी दिले नव्हते.

कोकणात आपल्याकडे आखाताची वाट जुनी. म्हणून कलम 40 घरात ठाऊक असावे. रजेशिवाय सलग चार महिन्यांहून अधिक गावाबाहेर राहिले, तरी पद जाते. निवडून आलेल्यांनी विमानाच्या तिकिटाआधी पंचायतीकडे रजेचा अर्ज द्यावा, पोचही घ्यावी.