चिपची कुजबुज ऐकणारे चोर

शेजारच्या घरात न डोकावताही कुकरच्या शिट्ट्या आणि फोडणीचा वास यांवरून तिथे काय शिजते आहे, याचा अंदाज बांधता येतो. बँक कार्डावरच्या चिपचेही तसेच आहे. कूटलेखनाचे गणित भक्कम असते. ते सोडविणारी चिप मात्र वीज खाते, वेळ घेते, विद्युतचुंबकीय लहरी बाहेर टाकते. या बाह्य खुणांवरून आतली गुप्त किल्ली हुडकण्याच्या तंत्राला 'साइड चॅनल अ‍ॅटॅक' म्हणतात.

याची पहिली चाहूल १९४३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागली. लष्करासाठी बनविलेले कूटलेखन यंत्र चालू झाले, की दूरवरच्या ऑसिलोस्कोपवर ठिपके उमटत. त्यांवरून मूळ मजकूर वाचता येत होता. लष्कराचा विश्वास बसेना, तेव्हा अभियंत्यांनी रस्त्यापलीकडे, सुमारे ८० फुटांवर बसून तासभर संकेत टिपले आणि ७५ टक्के मजकूर उलगडून दाखविला.

खुल्या संशोधनात या विषयाला उठाव दिला तो पॉल कोचर यांनी. १९९६ मध्ये त्यांनी गणनेला लागणाऱ्या वेळेवरून किल्ली शोधण्याची रीत मांडली. १९९९ मध्ये जोशुआ जॅफी आणि बेंजामिन जुन यांच्यासह त्यांनी विजेच्या वापराकडे मोर्चा वळविला. स्मार्ट कार्डात बॅटरी नसते. वीज कार्ड वाचणाऱ्या यंत्राकडून येते. ते यंत्रच चोराचे असले तर?

'आरएसए' पद्धतीत किल्ली म्हणजे शून्य आणि एक या अंकांची लांबलचक माळ. भाबडेपणाने लिहिलेली आज्ञावली शून्य आला की केवळ वर्ग करते. एक आला की वर्गानंतर गुणाकारही करते. विजेच्या आलेखात हा जादा गुणाकार उठून दिसतो आणि किल्ली अंकाअंकाने वाचली जाते. यावर उपाय सोपा आहे: गुणाकार दर वेळी करायचा, नको असेल तेव्हा उत्तर टाकून द्यायचे. तेवढ्याने भागत नाही. हाताळल्या जाणाऱ्या आकड्यांनुसार विजेत सूक्ष्म फरक पडतोच, आणि हजारो आलेखांच्या सांख्यिकी विश्लेषणातून तो वर येतो. मुद्दाम गोंगाट मिसळला, तर चोराला आणखी आलेख घ्यावे लागतात, इतकेच. म्हणून 'मास्किंग' वापरतात. प्रत्येक गुप्त आकडा दर वेळी नव्या यादृच्छिक संख्येच्या साहाय्याने तुकड्यांत विभागला जातो. एकट्या तुकड्यावरून काहीच कळत नाही. त्यासाठी चिपवर जागा आणि वेळ अधिक खर्ची पडतो, आणि उत्पादकांची काटकसर नेमकी इथेच आडवी येते.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे धोका टळला, असेही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये फ्रान्समधील 'निंजालॅब'च्या थॉमस रोश यांनी 'युबिकी ५' या सुरक्षा किल्लीतील इन्फिनिऑन कंपनीच्या चिपमधून विद्युतचुंबकीय लहरींच्या आधारे गुप्त किल्ली मिळविली. दोष होता एका भागाकारसदृश क्रियेत, तिला लागणारा वेळ आकड्यांनुसार बदलत होता. चौदा वर्षे आणि सुमारे ८० उच्चस्तरीय तपासण्यांत तो कुणालाच दिसला नव्हता. हल्ल्यासाठी उपकरण हाती लागावे लागते, ते उघडावे लागते, सुमारे ११ हजार युरोंची सामग्री लागते. त्यामुळे भुरट्या चोराचे हे काम नव्हे. पण ५.७ पूर्वीच्या फर्मवेअरच्या किल्ल्यांत दुरुस्ती करण्याची सोयच नाही. ज्याला धोका वाटतो, त्याने नवी विकत घ्यायची.