झाडांचे पुनर्रोपण : रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

बालाघाटच्या डोंगरमाथ्यावरील तुळजापुरात घराची पडवी वाढवावयाची असो वा रस्ता रुंद करावयाचा असो, आड येणाऱ्या जुन्या झाडाविषयी हल्ली एक वाक्य सहजपणे उच्चारले जाते : ‘तोडायचे कशाला, उचलून दुसरीकडे लावू.’ या वाक्यामागील सद्भावना निर्विवाद आहे. परंतु ती सफल होण्यासाठी जी पूर्वतयारी, जी मुदत आणि जी शुश्रूषा लागते, तिच्याविषयी इतक्या भ्रामक कल्पना रूढ आहेत की, कुऱ्हाडीपासून वाचलेले झाड पुष्कळदा पुनर्रोपणाने मरते, आणि दोष मात्र उन्हाच्या माथी मारला जातो.

गैरसमज १ : सोटमूळ शाबूत राहिले की झाड जगते.

वस्तुस्थिती : अन्नपाणी शोषणारी, जिला शेतकरी ‘पांढरी मुळी’ म्हणतात ती, बहुतांशी जमिनीच्या वरच्या ३० ते ४५ सेंटिमीटरच्या थरात असते आणि झाडाच्या घेराच्या कितीतरी बाहेरपर्यंत पसरलेली असते; ज्या माळावर वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली कठीण काळा पाषाण लागतो, तेथे तर मुळांना आडवे धावण्यावाचून गत्यंतरच नसते. खोडाच्या व्यासाच्या दहापट व्यासाचा मातीचा गड्डा मुळांसह काढावा, असा सामान्य दंडक आहे. म्हणजे १० सेंटिमीटर जाडीच्या खोडासाठी १ मीटर रुंद आणि सुमारे ६० सेंटिमीटर खोल गड्डा निघतो, त्याचे वजन पाऊण टनाच्या घरात जाते, आणि एवढे करूनही बहुतांश पांढरी मुळी मागेच राहते. पुनर्रोपणाचा सारा मामला या हानीच्या भरपाईचा आहे. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी ती भरपाई लवकर करतात. वाढलेली बाभूळ, कडुनिंब, चिंच आणि आंबा ती फार कष्टाने करतात.

गैरसमज २ : क्रेन आणि मजूर मिळाले की काम एका दिवसाचे.

वस्तुस्थिती : उचलण्याचे काम एका दिवसाचे, तयारी मात्र सहा ते बारा महिन्यांची. पावसाळा सरताना, जमिनीत ओल असतानाच, नियोजित गड्ड्याच्या कडेने चर खणावा. परंतु तो सलग न खणता एक भाग सोडून एक असा खणावा, वाटेतली मुळे धारदार करवतीने स्वच्छ कापावीत आणि चर भुसभुशीत मातीने भरून ओला ठेवावा. दोन-तीन महिन्यांनी उरलेल्या भागांत तेच करावे. कापलेल्या टोकांशी नवी मुळी फुटते आणि ती गड्ड्यातच राहते. पुढील ज्येष्ठ-आषाढात, मृग-आर्द्राच्या पावसाने जमीन भिजल्यावर, गड्डा गोणपाटात गुंडाळून सुंभाने आवळावा आणि गड्ड्याखालून आधार देऊन उचलावा; खोडाला दोर बांधून उचलल्यास साल सुटते आणि झाडाचे अन्नवहन तुटते.

गैरसमज ३ : फांद्या छाटून झाड ठेंगणे केले की मुळांवरचा भार हलका होतो.

वस्तुस्थिती : पाने पाणी खर्च करतात हे खरे, पण नव्या मुळांसाठी लागणारे अन्न तीच तयार करतात आणि मुळे फुटण्यास चालना देणारी संप्रेरके कोवळ्या शेंड्यांतून उतरतात. सरसकट छाटणी करणे म्हणजे मुनीम आजारी पडला म्हणून पेढीच बंद करण्यासारखे आहे. मोडक्या, वाळक्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या तेवढ्या काढाव्यात. पाण्याचा खर्च आवरण्यासाठी सावलीचे कापड आणि नियमित पाणी हाच उपाय श्रेयस्कर होय.

गैरसमज ४ : खड्डा जितका खोल आणि शेणखत जितके अधिक, तितके बरे.

वस्तुस्थिती : खड्डा गड्ड्याइतकाच खोल, परंतु रुंदीला दुप्पट-तिप्पट असावा. खोड जेथे फाकून मुळांना मिळते तो भाग मातीखाली गाडला गेला, तर साल कुजते आणि मुळांना प्राणवायू कमी पडतो. तळाशी टाकलेले खत कुजून खाली बसते, त्याबरोबर झाडही खचते. शिवाय मुळे त्या सुपीक खड्ड्यातच घुटमळतात. काळ्या जमिनीत धोका आणखी निराळा आहे : ती ओलीने फुगते, उन्हाने भेगाळते आणि भेग पडताना कोवळी मुळी तोडते. म्हणून खड्ड्यात मुख्यतः तेथलीच माती भरावी, खत वरून थोडे द्यावे आणि बुंध्यापासून थोडे अंतर राखून पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे.

गैरसमज ५ : पालवी फुटली म्हणजे झाड लागले.

वस्तुस्थिती : पहिली पालवी खोडात साठविलेल्या अन्नावर फुटू शकते, तिच्यावरून मुळांचा अंदाज करू नये. कित्येक झाडे पहिला पावसाळा हिरवीगार काढतात आणि चैत्र-वैशाखात, जेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा एकाएकी वाळतात. यासाठी दोन उन्हाळे तरी पाण्याची तजवीज असावी, आणि ते पाणी प्रारंभी गड्ड्यालाच पोहोचावे, कारण बाहेरची ओल वापरील अशी मुळी अद्याप तयार झालेली नसते. आधाराच्या काठ्या सैल बांधाव्यात आणि वर्षभराने काढाव्यात. वाऱ्यात थोडे डोलल्यानेच खोड बळकट होते.

गैरसमज ६ : झाड माझ्या आवारातले, ते हलविण्यास परवानगी कसली?

वस्तुस्थिती : नगरपरिषदेच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही अंतर्भूत आहे, आणि मुळे कापल्याखेरीज पुनर्रोपण होत नाही. म्हणून चर खणण्यापूर्वी रीतसर अर्ज करून लेखी परवानगी घ्यावी. खासगी मालकी ही सबब चालत नाही.

झुडपांच्या बाबतीत हा सारा खटाटोप क्वचितच करावा लागतो. जास्वंद, कण्हेर, तगर यांच्या फांद्या सहज रुजतात. जुने झुडूप उपटण्याआधी त्याच्या पाच-सहा फांद्या पिशवीत लावून ठेवाव्यात, म्हणजे मूळ झुडूप गेले तरी वाण राहतो.

मोठ्या झाडांपुरता मात्र पहिला प्रश्न ‘कसे हलवावे’ हा नसून ‘हलवावेच का’ हा असावा. सांगली जिल्ह्यातील भोसे येथे, रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात सुमारे चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वटवृक्ष आड आला, तेव्हा २०२० साली लोकांच्या आग्रहामुळे झाडाऐवजी रस्त्याचीच आखणी बदलण्यात आली. हाच महामार्ग पुढे तुळजापुरावरून जातो. जेथे पडवी दोन हात सरकविता येते तेथे झाड हलवू नये. जेथे ते अपरिहार्य आहे तेथे वर्षभर आधी चर खणावा. आणि जेथे वर्षभर थांबण्याची किंवा दोन उन्हाळे पाणी घालण्याची तयारी नाही, तेथे पुनर्रोपणाचे नाव न घेता तोडीची परवानगी मागावी आणि योग्य जागी सशक्त रोपे लावावीत, कारण कोवळे रोप मुळांची हानी न सोसता वाढीस लागते आणि काही वर्षांत त्या आजारी, हलविलेल्या वृक्षाला पुष्कळदा मागे टाकते.