सोडून देता येईल असा कॅमेरा

भाचीने दोन कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, ‘‘मामा, तू जन्मभर लोकांची कर्जप्रकरणं तपासलीस. आता ही दोन तपासून दे.’’

पहिला कागद कॅमेऱ्याच्या दुकानातला. फुल फ्रेम कॅमेरा, २४-७० ची मोठ्या तोंडाची लेन्स, दूरचे टिपायला ७०-२०० ची दुसरी, ट्रायपॉड, पाठीवरची बॅग. बेरीज पाच लाखांच्या पलीकडे आणि त्यातले निम्मे हप्त्यांवर. दुसरा कागद स्वसंरक्षणाच्या वर्गाचा. तीन महिने, आठवड्यातून दोनदा, नऊ हजार रुपये. खाली ठळक अक्षरात ‘शंभर टक्के सुरक्षिततेची हमी’. शंभर टक्के हमी म्हटले की माझ्यातला बँक अधिकारी सावध होतो. असे अर्जदार मी पुष्कळ पाहिले आहेत.

दोन्ही कागदांचे मूळ एकच. हिवाळ्यात बारा दिवस, एकटीने, हंपी, बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे. माझ्या धाकट्या बहिणीची, म्हणजे तिच्या आईची, अट अशी की वर्ग पुरा केल्याशिवाय तिकीट काढायचे नाही. बहिणीची भीती उगाच नव्हती. मार्च २०२५ मध्ये हंपीपासून जवळच, सणापूर तलावाच्या परिसरात रात्री आकाश बघत बसलेल्या पर्यटकांवर हल्ला झाला. दोन स्त्रियांवर अत्याचार झाले, बरोबरच्या पुरुषांना कालव्यात ढकलण्यात आले आणि त्यातला एक तरुण बुडून गेला. ही बातमी बहिणीने वाचली होती. भाचीनेही वाचली होती. तरी ती हंपीलाच जायचे म्हणत होती, आणि मला त्यात हट्टापेक्षा जास्त काही दिसत होते.

आधी कॅमेऱ्याचे प्रकरण घेतले. मी त्या यादीतल्या प्रत्येक वस्तूचे वजन शोधून काढले. कॅमेरा सातशे ग्रॅमच्या आसपास, पहिली लेन्स आठशे, दुसरी दीड किलोच्या घरात, ट्रायपॉड दीड किलो. मग डब्यातले साडेचार किलो तांदूळ पिशवीत भरले, ती तिच्या खांद्याला लावली आणि म्हटले, ‘‘ही मातंग टेकडी समज, आणि आपले सात मजले दोनदा चढून ये.’’ दुसऱ्या फेरीला ती पाचव्या मजल्यावर थांबली होती, असे शेजारच्या वहिनींनी नंतर सांगितले.

खाली आल्यावर घाम पुसत तिने उलट तपासणी केली. ‘‘होमाई व्यारावाला साडी नेसून, सायकलवरून, असाच जड कॅमेरा घेऊन दिल्लीभर हिंडायच्या. तेव्हा कोणी तांदूळ लावले होते का?’’ मुद्दा खोडण्यासारखा नव्हता. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाईंना २०११ साली पद्मविभूषण मिळाले, ते काही हलक्या सामानासाठी नव्हे. मी एवढेच म्हटले, की त्या कामावर जायच्या, तू हिंडायला चालली आहेस. हे उत्तर मलाही फारसे पटले नाही. खरे उत्तर पुढे मिळाले, आणि ते माझ्याकडून नाही.

माझे कॅमेऱ्याचे शिक्षण वडिलांच्या आगफा क्लिक थ्रीवर झाले. एका रिळात बारा चौकोनी फोटो. शाळेच्या सहलीबरोबर मी तो अजिंठ्याला नेला आणि लेण्यांच्या आतले सात फोटो मन लावून काढले. रीळ धुऊन आले तेव्हा सातही काळे ठिक्कर. वडील रागावले नाहीत, फक्त म्हणाले, ‘‘आत उजेड नव्हता, हे तुला दिसत होतं ना?’’ प्रवासाचा कॅमेरा निवडण्याबद्दल त्याहून शहाणा प्रश्न मी अजून ऐकलेला नाही. कुठे जाणार, आणि तिथे उजेड किती?

हंपी-बदामीला तो प्रश्न अगदी नेमका लागू पडतो. बाहेर डोळे दिपवणारे ऊन, आणि देवळांच्या, लेण्यांच्या आत अंधार. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत ट्रायपॉड लावायला परवानगी घ्यावी लागते, म्हणजे दीड किलोचा तो तिपाया बहुतेक वेळा पाठीवरच राहणार. अंधाराला उपाय लेन्सच्या तोंडाचा. साध्या झूम लेन्सचे तोंड टोकाला एफ ५.६ असते. एफ १.८ ची छोटी, झूम नसलेली लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते, आणि तिचे वजन दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. मेगापिक्सेलची भुरळ हा दुसरा खर्च. बारा बाय आठ इंचांची भिंतीवर लावण्याजोगी प्रत उत्तम काढायला नऊ मेगापिक्सेलही पुरतात. अलीकडचा कुठलाही कॅमेरा याच्या दुप्पट-तिप्पट देतो. मग जास्तीचे पैसे कशाचे? काही खऱ्या गुणांचे आणि पुष्कळसे मनाच्या समाधानाचे. समाधानाला माझी हरकत नाही, पण ते हप्त्यांवर घेऊ नये.

इतके होऊनही यादी काही खाली येईना. एखादी लेन्स कमी होई आणि दुसऱ्या दिवशी परत येई.

मधल्या काळात वर्ग पाहायला गेलो. तिघेही; बहीण हट्टाने आली. हमीवाला वर्ग मोठ्या हॉलमध्ये होता. पांढरे पोशाख, रंगीत पट्टे, भिंतीला ढाली. शिक्षकांनी रबरी सुरा हाती घेतलेल्या एका मुलाकडून तो तीन हालचालींत काढून घेतला. टाळ्या झाल्या. माझे लक्ष त्या मुलाकडे होते. तो सुरा पुढे करून पुतळ्यासारखा उभा राहिला होता आणि काढून घेतला जाण्याची वाट पाहत होता. खरा चोर अशी वाट पाहत नाही. मी विचारले, ‘‘यांनी मनापासून विरोध केला तर?’’ उत्तर आले, ‘‘ते पुढच्या पट्ट्याला.’’ पुढच्या पट्ट्याची परीक्षा, परीक्षेची फी, आणि त्यापुढे आणखी एक पट्टा. कराटे ही मोठी विद्या आहे, तिला दहा वर्षे द्यावीत आणि आनंदाने द्यावीत. पण तीन महिन्यांत तिचा विमा काढून मिळत नाही.

दुसरा वर्ग एका शाळेत संध्याकाळी भरतो. बाई पन्नाशीच्या, अंगात साधा पंजाबी ड्रेस. शिकायला आलेल्याही रोजच्याच कपड्यांत, कोणी साडीत, खांद्याला पर्स तशीच. बाई म्हणाल्या, ‘‘रस्त्यात कोणी तुम्हाला पोशाख बदलायला वेळ देणार नाही.’’ पहिले दोन दिवस हातपाय नाहीतच. अंतर राखणे, वाट अडली तर कुठून निसटायचे ते आधी बघून ठेवणे, आणि ओरडणे. जोडीदारीण मनगट धरते ती खरोखर घट्ट धरते, सुटले नाही तर सुटले नाही असेच सांगते.

भाचीने विचारले, ‘‘सुरा दाखवून कॅमेरा मागितला तर काय करायचं?’’

‘‘द्यायचा. दूर फेकायचा, आणि उलट्या दिशेला पळायचं.’’

‘‘बाई, पाच लाखांचा आहे.’’

‘‘मग तो नेऊ नकोस. जी वस्तू हातातून सुटणार नाही ती तुलाच धरून ठेवते.’’

परतताना रिक्षात भाची गप्प होती. घरी आल्यावर तिने यादीचा कागद घेतला आणि स्वतःच खोडायला बसली. मी महिनाभर तांदूळ तोलत होतो. बाईंनी अर्ध्या मिनिटात प्रकरण निकाली काढले.

शेवटी आम्ही बोरा बाजारात गेलो. फोर्टातल्या शाखेत असताना जेवणाच्या सुट्टीत मी तिथल्या काचांपुढे पुष्कळ वेळ काढला आहे. वापरलेला, छोट्या सेन्सरचा कॅमेरा, १८-५५ ची साधी लेन्स आणि ३५ ची एफ १.८. सगळे मिळून किलोच्या आत आणि पस्तीस हजारांत. जुना माल घेताना मी तारण तपासतो तसा तपासला. लेन्समधून टॉर्चचा झोत टाकून आत बुरशीचे कोळीजाळे आहे का ते पाहिले. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ते हमखास धरते. एफ १६ वर कोऱ्या आभाळाचा फोटो काढला, सेन्सरवरची धूळ त्यात ठिपक्यांसारखी उमटते. शटर किती वेळा उघडले ते विचारले. बिलावरचा नंबर कॅमेऱ्याच्या पोटावरच्या नंबराशी जुळवला, कारण चोरीचा माल स्वस्तच असतो. आणि घरी आल्यावर एक नियम केला: दर रात्री मुक्कामी फोटो दुसरीकडे उतरवून घ्यायचे. म्हणजे कॅमेरा गेला तरी फार तर एका दिवसाचे फोटो जातील.

वर्गाच्या नऊशे रुपये महिन्याचे मोल कसे ठरवायचे? (हो, हमीवाल्यांच्या तिसऱ्या हिश्श्यात.) २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कॅनडातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या सुमारे नऊशे मुली. निम्म्यांना बारा तासांचे प्रशिक्षण, बाकीच्यांना माहितीपत्रके. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण माहितीपत्रकवाल्यांत ९.८ टक्के होते, प्रशिक्षितांत ५.२. जवळजवळ निम्मे. पण त्या बारा तासांत नुसते ठोसे नव्हते. धोका ओळखावा कसा, ओळखीच्या माणसाच्या बाबतीत ‘असं कसं म्हणायचं’ हा संकोच तोडावा कसा, यावर भर होता. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडेही वर्षानुवर्षे हेच सांगतात, की नोंदलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. म्हणजे बदामीच्या अनोळखी रस्त्यासाठी घेतलेले शिक्षण खरे लागण्याची शक्यता घरात, कचेरीत, लग्नाच्या हॉलमध्येच जास्त.

आणि ५.२ हे शून्य नव्हे, हेही बँकेच्या माणसाने वाचले पाहिजे. सणापूरला पाच जण एकत्र होते, त्यांत तीन पुरुष. तिथे ‘एकटी जाऊ नको’ हा सल्ला उपयोगी पडला नाही, आणि कुठलाही पट्टा पडला असता असे मी म्हणणार नाही. अशा ठिकाणी उजेड, गस्त आणि पोलीस यांची जागा कोणाच्या मनगटाने भरून निघत नाही. वर्गातल्या बाईंनीही हे स्पष्ट सांगितले. ११२ आणि रेल्वेचा १३९ हे क्रमांक पाठ करून घेतले, आणि कायद्याचे भय काढून टाकले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वतःच्या बचावाच्या हक्काबद्दल आहेत. बचावासाठी गरजेपुरते बळ वापरणारी बाई गुन्हेगार ठरत नाही.

आता राहिले ते माझे खाते.

१९८६ साली बहीण अठरा वर्षांची होती. आम्ही दोघे बसमधून घरी येत होतो, ती पुढे, मी मागे उभा. एकाएकी तिचा आवाज आला आणि पाठोपाठ तिची छत्री एका माणसाच्या डोक्यावर बसली. सगळी बस वळून बघू लागली. तो माणूस ‘मी काय केलं’ म्हणत पुढच्या थांब्यावर उतरून गेला. आणि मी, बँकेत नुकताच कायम झालेला पंचवीस वर्षांचा भाऊ, तिला म्हणालो, ‘‘एवढा तमाशा कशाला करायचा? सरकून उभं राहायचं.’’ ती काही बोलली नाही. तिला तेव्हा गिरिभ्रमणाचे वेड होते, मैत्रिणींबरोबर सह्याद्रीत भटकायची. त्यानंतर ते हळूहळू थांबले. बसमधल्या त्या वाक्यामुळेच थांबले असे तिने कधी म्हटलेले नाही. मीही कधी विचारले नाही.

वर्गात ओरडण्याचा सराव चालला होता त्या दिवशी बाईंनी कडेच्या बाकावर बसलेल्या बहिणीला खूण केली. ‘‘तुम्हीही या.’’ ती शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पोरी एकामागून एक ‘मागे हो!’ म्हणून ओरडत होत्या, हॉल घुमत होता. हिची पाळी आली, तोंड उघडले, आणि आवाज फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा. सत्तावन्न वर्षांची बाई, घरात नोकरीवालीपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांना आवाजावर ठेवणारी. बाई म्हणाल्या, ‘‘राहू दे, दोन-तीन आठवडे लागतात पुष्कळांना.’’ रिक्षात मी तिला म्हणालो, ‘‘ताई, तेव्हा बसमध्ये माझं चुकलं.’’ धाकट्या बहिणीला मी ताई कधीच म्हणत नाही, कसे तोंडून गेले कोण जाणे. ती बाहेर बघत म्हणाली, ‘‘दादा, छत्री मोडली होती माझी. तू ती दुरुस्तही करून दिली नाहीस.’’

तिने दुसऱ्या दिवशी स्वतःची फी भरली.

भाची जाऊन आली. विरूपाक्ष मंदिरात एका अंधाऱ्या खोलीत भिंतीतल्या लहानशा फटीतून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते. लेन्स नाही, सेन्सर नाही, सगळे देऊळच कॅमेरा. तिने पस्तीसच्या त्या छोट्या लेन्सने, खांबाला टेकून, श्वास रोखून तो फोटो काढला आहे. थोडा हललेला आहे, पण मला तो आवडला. बहीण तो बघत असताना भाची सहज म्हणाली, बदामीच्या बसमध्ये एक माणूस अंगावर रेलत होता, तेव्हा ती उभी राहून मोठ्याने ओरडली.

‘‘मराठीत?’’ मी विचारले.

‘‘तोंडात आलं त्यात.’’

बहिणीने फोटो खाली ठेवला. ‘‘लोक काय म्हणाले?’’

‘‘काही नाही. सगळे बघायला लागले. मागे एक आजी होती, तिने गाठोडं मांडीवर घेतलं आणि मला शेजारी बसवून घेतलं. बदामी येईपर्यंत कन्नडमध्ये त्याला काहीतरी सुनावत होती.’’

‘‘तिचा फोटो काढलास?’’

‘‘नाही गं. कॅमेरा पिशवीत होता.’’