मोठ्या प्लेटचा खानदेश

गुंडाळीच्या फिल्मऐवजी निदान ४ × ५ इंचांची एकेक सुटी काच किंवा फिल्मचा एकेक सुटा ताव कॅमेऱ्यात घालून जे छायाचित्रण केले जाते, त्याला लार्ज फॉरमॅट म्हणतात. हा आकार आरंभी हौसेतून नव्हे, निरुपायाने आला. कारण एकोणिसाव्या शतकात निगेटिव्ह कागदाला भिडवून उन्हात छापत असत, आणि त्यामुळे जेवढी काच तेवढेच चित्र मिळे. अजिंठ्याच्या डोंगरापासून चाळीसगावातील एका घरापर्यंत खानदेशात व त्याच्या सीमेवर या तंत्राच्या ज्या पिढ्या झाल्या, त्यांना जोडणारा धागा गुरुपरंपरेचा नसून अडचणीचा आहे, आणि ती अडचण प्रकाशाची आहे.

मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल १८४४-४५च्या सुमारास अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवण्यासाठी आले आणि पुढे कॅमेऱ्याकडे वळले. १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनासह त्यांच्या लेण्यांच्या छायाचित्रांची पुस्तके लंडनमध्ये निघाली. ही चित्रे बहुतांशी स्टिरिओ, म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन किंचित वेगळी दृश्ये टिपणारी असल्याने लार्ज फॉरमॅटच्या व्याख्येत ती काटेकोरपणे बसत नाहीत. रीत मात्र तीच होती. १८५१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर चिकट द्रव पसरून ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवावी लागे आणि वाळण्याआधीच चित्र टिपून धुवावी लागे, त्यामुळे अंधारखोली सोबतच बाळगणे भाग होते, आणि या भागातील उन्हाळ्यात काच किती लवकर सुकत असेल हे सांगायला नको. शिवाय हे रसायन निळ्या प्रकाशालाच दाद देई, तांबडा व पिवळा त्याला जवळजवळ काळाच दिसे. अजिंठ्याची चित्रे तर मुख्यतः गेरू आणि पिवळ्या मातीची. म्हणूनच कॅमेरा खांब, कमानी आणि शिल्पांवर रोखला गेला व रंगांसाठी कुंचलाच राहिला. त्या तैलचित्रांपैकी बहुतेक १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली, हा दैवदुर्विलासच. उलट पहिल्या लेण्यापुढची दोन खांबांची देवडी आज उरलेली नाही, ती एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांतच दिसते. गिल १८७९ साली वारले. त्यांची कबर भुसावळला आहे.

पुढची पिढी सरकारी सर्वेक्षणाची. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील आपल्या १९३१च्या ग्रंथात धुळे जिल्ह्यातील बलसाणे येथील मंदिरांनाही स्थान दिले. तोवर सर्व रंगांना संवेदनशील असलेली, म्हणजे पँक्रोमॅटिक, प्लेट आली होती आणि गिल यांना जे अशक्य होते ते शक्य झाले होते: लाल, हिरवी व निळी अशा तीन गाळण्यांतून तीन निगेटिव्ह घेऊन छपाईत ते रंग एकत्र करता येत. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांचा अजिंठ्यावरील चार भागांचा ग्रंथ (१९३० ते १९५५) छायाचित्रणावर आधारित असल्याचे त्याच्या उपशीर्षकातच नोंदवलेले आहे.

तालुक्याच्या गावांतील स्टुडिओंनी मात्र हाच कॅमेरा बाजारात आणला. लाकडी पेटी, चामडी भाता, डोक्यावर काळे कापड, घाशीव काचेवर उलटे दिसणारे चित्र आणि शटरऐवजी हाताने काढून पुन्हा बसवायचे भिंगाचे झाकण, अशी ती सामग्री होती. देशभरच्या स्टुडिओंत केरळातील आलप्पुळा येथे बनणारे ‘वागीश्वरी’ कॅमेरेही वापरात होते. निगेटिव्ह हाफ प्लेटची, पावणेपाच बाय साडेसहा इंचांची, असल्यामुळे टोकदार पेन्सिलीने तिच्यावरच देवीचे व्रण आणि सुरकुत्या बुजवता येत. फोटोतले आजोबा प्रत्यक्षाहून तुकतुकीत दिसतात ते या पेन्सिलीमुळे.

या सर्वांत वेगळे उभे राहतात ते कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९). मुंबईत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये शेफील्डला कलेचे शिक्षण घेतलेल्या या पारशी कलावंताने परतल्यावर चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनजवळील आपल्या घरात सुमारे अर्धे शतक जवळजवळ उंबरठा न ओलांडता काढले. रात्रीच्या गाडीने येणाऱ्या प्रेयसीची वाट पाहण्याची कथा गावात आवडीने सांगितली जाते, पण तिच्या भरात त्यांचे काम झाकोळते. टेबल-टॉप छायाचित्रण, म्हणजे टेबलावर मांडलेल्या लहान वस्तूंतून निसर्गदृश्याचा किंवा प्रसंगाचा भास निर्माण करणे, ही त्यांची खासियत होती. वस्तू जितकी जवळ तितकी स्पष्ट दिसणारी खोली उथळ होते; मग भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते, आणि भात्याच्या कॅमेऱ्यात वस्तू तिच्या मूळ आकाराएवढी टिपायची तर भाता भिंगाच्या नाभीय अंतराच्या दुप्पट ताणावा लागतो व प्रकाश चौथाईवर येतो. निमिषाचे काम अशाने सेकंदांवर जाते, परंतु टेबलावरचा डोंगर हलत नाही. अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत जी मंद प्रकाशाची अडचण होती ती मूस यांनी आपल्या खोलीत आपणहून पत्करली, हा त्यांचा खरा वेगळेपणा. ते घर आता त्यांच्या कलाकृतींचे संग्रहालय आहे.

आज सुट्या तावांची फिल्म वापरणारे नवे छायाचित्रकार डिजिटलच्या काळात ही अडचण हौसेने विकत घेतात. पहिल्याच मंद उजेडात त्यांना कळते की सेकंदाच्या पुढे फिल्मची संवेदनशीलता घटत जाते आणि हिशेबाने दहा सेकंद आले तरी प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक द्यावे लागतात. इल्फर्डसारख्या कंपन्या हा वाढीव वेळ काढण्याची रीत आपल्या फिल्मच्या माहितीपत्रकात अजूनही छापतात.