काम आले, मालकी कुणाची? मुळशीच्या खोऱ्यातून आउटसोर्सिंगचा आढावा

एका देशातील बँक, विमा कंपनी किंवा कारखाना आपले संगणकाचे काम दुसऱ्या देशातील कंपनीकडून करून घेतो, त्याला आउटसोर्सिंग म्हणतात. काम देणाऱ्या देशात त्याची नोंद ‘नोकऱ्या गेल्या’ अशी होते, काम घेणाऱ्या देशात ‘नोकऱ्या आल्या’ अशी. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, पण दोन्ही अपुऱ्या आहेत. गेलेल्या आणि आलेल्या नोकऱ्यांपलीकडे आणखी काय गेले, काय उरले आणि ते कुणाच्या नावावर राहिले, हे पाहण्यासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यासारखी दुसरी जागा नाही. हिंजवडी, मारुंजी आणि माण या मुळशीच्या गावांच्या शिवारात राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क उभे आहे. माण ओलांडून पुढे गेले की भाताच्या खाचरांचे घोटावडे लागते.

काम भारतात कसे आले

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली १९७४ पासून तिने अमेरिकेतील बरोज या संगणक कंपनीसाठी काम घेतले. पुण्याचा या व्यवसायाशी संबंध जवळपास तितकाच जुना आहे. नरेंद्र पटनी यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत कंपनी काढली. तिच्याकडे येणारा छापील मजकूर पुण्यात पाठवला जाई आणि येथे तो यंत्रावर टंकून परत जाई. पुढे नारायण मूर्ती आणि त्यांचे सहकारी पटनींच्या कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी १९८१ मध्ये पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस स्थापन केली. १९८३ मध्ये ती बंगळूरला गेली.

त्या काळात संगणक आयात करणे महाग होते, परवान्यांचे अडथळे होते आणि परदेशाशी जोडणारी दूरसंचार यंत्रणा तोकडी होती. त्यामुळे काम येथे आणण्यापेक्षा अभियंत्यालाच परदेशी पाठवणे सोपे पडे. १९८६ च्या सॉफ्टवेअर धोरणाने ही वाट थोडी मोकळी केली. १९९१ च्या सुमारास सुरू झालेल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेने उपग्रहाद्वारे जोडणी आणि करसवलत या दोन्ही गोष्टी दिल्या. सुरुवातीच्या केंद्रांमध्ये पुणे होते. १९९१ च्या जुलैमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलरमध्ये मिळणाऱ्या मोबदल्याची किंमत एकदम वाढली. पर्सिस्टंट आणि केपीआयटी या पुण्यातील कंपन्या १९९० च्या आहेत. दशकाच्या अखेरीस ‘वायटूके’ची अडचण आली. जुन्या प्रणालींमध्ये वर्षाचे फक्त शेवटचे दोन आकडे लिहिलेले असत, आणि २००० साल उजाडण्यापूर्वी कोट्यवधी ओळी तपासणे भाग होते. हे किचकट काम भारतीय कंपन्यांनी वेळेत करून दिले आणि परदेशी ग्राहकांचा विश्वास बसला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने आखलेले हिंजवडीचे पार्क वाढले ते या लाटेवर.

हे काम चालते कसे

बहुतेक प्रकल्पांत थोडी माणसे ग्राहकाजवळ असतात. त्यांना ‘ऑनसाइट’ म्हणतात. उरलेली मोठी तुकडी ‘ऑफशोअर’, म्हणजे हिंजवडीसारख्या ठिकाणी. ऑनसाइटवाले गरज समजून घेतात, ऑफशोअरवाले आज्ञावली लिहितात, तपासतात आणि चालू ठेवतात. मोबदला कधी माणशी तासावर ठरतो, कधी पूर्ण प्रकल्पावर. ज्याच्या तासांचे बिल ग्राहकाकडे जाते तो ‘बिलेबल’. प्रकल्प संपल्यावर पुढच्याची वाट पाहणारा ‘बेंचवर’.

वेळेतील अंतर हा या व्यवस्थेचा मोठा आधार आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र होते तेव्हा पुण्यात सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. तिकडचा माणूस झोपलेला असताना इकडे त्याचे काम पुढे सरकते. त्याचीच दुसरी बाजू अशी की दोघांना एकत्र बोलायचे झाले तर कुणाची तरी रात्र मोडते, आणि बहुतेक वेळा ती पुण्यातल्या माणसाची असते.

या साखळीतील सर्वांत महत्त्वाची अट करारात असते. लिहिलेली आज्ञावली ग्राहकाच्या मालकीची होते. लिहिणाऱ्याकडे राहतो तो पगार आणि अनुभव.

काम देणाऱ्या देशाचा जमाखर्च

काम देणाऱ्या कंपनीचा खर्च वाचतो, हा उघड फायदा. त्याखेरीज कुशल माणसे गरजेप्रमाणे मिळतात, कामाला रात्रंदिवस गती राहते आणि कंपनी आपले लक्ष मूळ धंद्यावर ठेवू शकते. २००४ मध्ये अमेरिकी अध्यक्षांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅनकीव यांनी आउटसोर्सिंग हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचाच नवा प्रकार आहे, असे मांडले आणि त्यावर तेथे मोठे वादळ उठले. त्याच वर्षी पॉल सॅम्युएलसन यांनी मात्र दाखवले की व्यापारात एकूण लाभ झाला तरी एखाद्या देशाचा वाटा कमी होऊ शकतो.

अर्थशास्त्रातील सरासरी आणि माणसाच्या आयुष्यातील एक दिवस यांत फरक असतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये फ्लोरिडातील डिस्नीच्या सुमारे २५० संगणक कर्मचाऱ्यांना नोकरी जाणार असल्याचे कळवण्यात आले, आणि त्यांपैकी अनेकांना आपल्या जागी येणाऱ्यांना शिकवावे लागले. नवे लोक आउटसोर्सिंग कंपन्यांमार्फत आले होते. अशा माणसाला स्वस्त झालेल्या सेवेचा लाभ सांगून समाधान होत नाही. व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता देणारी अमेरिकेची योजना २०२२ मध्ये मुदत संपून नव्या अर्जदारांसाठी बंद झाली. लाभ समाजभर पसरतो आणि तोटा थोड्यांच्या डोक्यावर बसतो. त्या थोड्यांना सावरण्याची सोय नसेल तर राग साठतो. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशी कुशल कर्मचाऱ्यांसाठीच्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर अमेरिकेत एक लाख डॉलर शुल्क लावण्यात आले, त्यामागे हाच राग आहे.

काम देणाऱ्याला आणखी दोन धोके असतात. स्वतःच्या प्रणालीची जाण हळूहळू बाहेरच्यांकडे जाते. आणि ग्राहकांची माहिती परक्या हाती पडते. २००५ मध्ये पुण्यातील एका बीपीओच्या, म्हणजे परदेशी कंपन्यांचे ग्राहकसेवेसारखे काम करणाऱ्या कंपनीच्या, काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकी बँकेच्या ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केल्याचे उघडकीस आले. त्यानंतर येथील कंपन्यांनी मोबाइल, कागद आणि पेन ड्राइव्ह यांवर कडक बंधने आणली. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला.

काम घेणाऱ्या देशाचा जमाखर्च

भारताच्या जमेच्या बाजूला मोठे आकडे आहेत. नॅसकॉम या उद्योगाच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये या उद्योगाची उलाढाल सुमारे २५४ अब्ज डॉलर होती. त्यातील सुमारे २०० अब्ज डॉलर निर्यातीचे होते आणि ५४ लाखांच्या आसपास माणसे कामाला होती. खनिज तेलाच्या आयातीचा भार पेलताना देशाला या डॉलरचा मोठा आधार मिळतो. पण आकड्यांपेक्षा खोल बदल घरांत झाला. शिक्षक, एसटी कर्मचारी, गिरणी कामगार यांच्या मुलामुलींना वशिल्याशिवाय, परीक्षा आणि मुलाखतीच्या बळावर अशी नोकरी मिळाली जिचा पगार वडिलांच्या निवृत्तीच्या पगाराहून अधिक होता. मुली घराबाहेर, परगावी, परदेशी एकट्या गेल्या. या लाभाला कमी लेखणे अन्यायाचे होईल.

खर्चाची बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडायला हवी. रात्रपाळीने झोप, पचन आणि घरचे बोलणे बिघडते. रात्रीच्या प्रवासाचा धोका पुण्याने नोव्हेंबर २००७ मध्ये पाहिला. कामावर निघालेल्या बीपीओतील एका तरुणीवर कॅबचालक आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून गहुंजेजवळ तिचा खून केला. नव्या पदवीधराचा सुरुवातीचा पगार मोठ्या कंपन्यांत कित्येक वर्षे वर्षाला साडेतीन लाख रुपयांच्या आसपासच राहिला, महागाई मात्र थांबली नाही. आणि मागणी परदेशात असल्याने तिकडे मंदी आली की इकडे बेंच लांबतो.

कामाची प्रतही बदलते आहे. परदेशी कंपन्या आता मध्यस्थाला काम देण्याऐवजी स्वतःचीच केंद्रे येथे काढतात. त्यांना जीसीसी (ग्लोबल कॅपॅबिलिटी सेंटर) म्हणतात. २०२४ च्या सुमारास देशात अशी सुमारे १,७०० केंद्रे होती आणि त्यांत १९ लाख लोक काम करत होते. येथे संशोधन आणि आखणीचे काम मिळते, ही चांगली गोष्ट आहे. मालकी मात्र याही वेळी बाहेरच राहते. दुसरीकडे, आज्ञावली लिहिणे आणि तपासणे यांतील ठरावीक साच्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. स्वस्त तासांवर उभा राहिलेला धंदा तासच कमी लागू लागल्यावर कसा टिकेल, हा आजचा मुख्य प्रश्न आहे.

खोऱ्याचा जमाखर्च

मुळशीला बाहेरच्या गरजेसाठी जमीन देण्याचा अनुभव जुना आहे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. धरण झालेच. त्याचे पाणी घाटाखाली भिऱ्याला नेऊन त्यावर वीज तयार होते. ज्यांची शेते बुडाली त्यांच्या दारी ती वीज आली नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी त्याच तालुक्याच्या पूर्वेकडील शिवारे माहिती तंत्रज्ञानासाठी गेली. या वेळी मोबदला मिळाला, पण प्रश्न तोच राहिला: जमिनीवर जे उभे राहते त्यात जमीनवाल्याचा वाटा किती?

हिंजवडी-माणच्या ग्रामस्थांना या उद्योगातून मिळाले ते बहुतेक कडेचे काम. खोल्या आणि पीजी, कॅब आणि बस, खानावळी, पाण्याचे टँकर, बांधकामाचे साहित्य, सुरक्षा आणि सफाईची कंत्राटे. अनेक घरांनी यातून पक्की घरे बांधली आणि मुले शिकवली. काही घरांनी जमिनीचा पैसा गाडी, लग्न आणि हौसेत संपवला, आणि सातबारा गेल्यावर हाती काही उरले नाही. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ या २०१८ च्या चित्रपटाचा विषय हाच आहे.

पार्काची झळ माणच्या वेशीवर थांबत नाही. घोटावडे फाटा, घोटावडे, माण, हिंजवडी हा रस्ता पौड रस्त्यावरून पार्काकडे जाणाऱ्यांची वाट आहे. पार्क वाढले की भाताच्या जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जातो. पावसाळ्यात ओढ्यांच्या वाटा अडल्यामुळे हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली जातात, आणि तासन्‌तास अडकणाऱ्यांत अभियंता, कॅबचालक आणि दूधवाला सारखेच असतात. माण ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले, म्हणजे पार्क उभे राहिल्यावर जवळपास वीस वर्षांनी. डॉलर आणणारा उद्योग आणि ग्रामपंचायतीच्या बळावर चालणारे गटार यांची सांगड कुणी घातली नाही.

दुसरी वाट

वेगळे घडू शकते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. हडपसरच्या मगर आणि इतर शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे चारशे एकर जमीन एकत्र आणली, ती विकली नाही, आणि तिच्यावर स्वतःच मगरपट्टा सिटी वसवली. तेथील सायबर सिटीत परदेशी कामे चालतात आणि त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नात शेतकरी कुटुंबे भागधारक आहेत.

ज्ञानाच्या बाबतीतही तेच. साताऱ्याकडून पुण्यात आलेले कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते. त्यांनी आणि भाऊ संजय यांनी ‘क्विक हील’ हे विषाणूरोधक सॉफ्टवेअर तयार करून स्वतःच्या नावाने विकले, आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. पुण्यातच २००८ मध्ये सुरू झालेली ड्रुवा माहिती सुरक्षित ठेवण्याचे स्वतःचे उत्पादन जगभर विकते. या कंपन्यांचे कौशल्य हिंजवडीतील कौशल्याहून निराळे नाही. त्यांनी लिहिलेल्या आज्ञावलीवर त्यांचा हक्क राहिला, एवढाच फरक आहे.

निष्कर्ष

आउटसोर्सिंगने महाराष्ट्राला डॉलर, शिक्षणाची ओढ आणि एक मोठा मध्यमवर्ग दिला. ते नाकारण्याचे कारण नाही आणि ते थांबवणेही शक्य नाही. पण दुसऱ्याच्या मालकीचे काम हे भाड्याच्या घरासारखे असते: घरमालकाचे मन बदलले की सामान आवरावे लागते. म्हणून कंपन्यांनी कमाईचा एक भाग स्वतःच्या उत्पादनांवर लावावा, सरकारने उद्योगाआधी रस्ता, ओढा आणि सांडपाणी यांची सोय करावी, जमीन देणाऱ्याला रोख रकमेइतकाच भागभांडवलाचा पर्याय द्यावा, आणि माण-घोटावड्याच्या शाळांतील मुलांना त्या काचेच्या इमारतींत चालणारे काम शिकवावे. भाताचे खाचर एकदा बुजले की परत होत नाही. घोटावड्यापर्यंत पार्क पोचण्याआधी तेथील घरांनी आपली जमीन विकायची की तिच्यासह भागीदार व्हायचे, हे ठरवण्याची वेळ अजून हातात आहे.