बालकाचा विकास मंदावल्यास वेळीच तपासणी करून घ्या

मूल उशिरा चालू-बोलू लागले, की ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ असे घरातील वडीलधारे सांगतात. काही बालकांबाबत ते खरेही ठरते. परंतु तपासणीवाचून तसे गृहीत धरू नये. श्रवणदोष, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता व बौद्धिक अक्षमता यांची सुरुवातही अशीच दिसू शकते. पहिल्या काही वर्षांत मेंदूची वाढ वेगाने होते. म्हणून त्या काळातील उपचार अधिक गुणकारी ठरतात.

ही लक्षणे दिसल्यास तपासणी करावी
• ४ महिने पूर्ण होऊनही मान न धरणे
• ९ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणे
• मोठ्या आवाजाने न दचकणे, हाकेला प्रतिसाद न देणे
• १८ महिन्यांपर्यंत न चालणे
• २ वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून न बोलणे
• आधी येत असलेले बोलणे किंवा हालचाल नाहीशी होणे (वय कोणतेही असो, विलंब करू नये)

कोठे जावे
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या बालकांची मोफत तपासणी होते. आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर सरकारी शाळेत एकदा येते. शंका आल्यास पथकाची वाट न पाहता आशा कार्यकर्तीला सांगावे. झाशीतील पालकांनी जिल्हा रुग्णालयात किंवा महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात दाखवावे व जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करावी.

सोबत काय न्यावे
प्रसूतीची कागदपत्रे, लसीकरण कार्ड, पूर्वीचे सर्व अहवाल आणि बालकाच्या हालचालींची मोबाइलवरील चित्रफीत. जन्मतः बाळ लगेच रडले होते का, कावीळ वा झटके आले होते का, हे डॉक्टरांना सांगावे.

निदान लांबल्यास
श्रवणचाचणी, रक्ततपासणी, मेंदूचे चित्रण, जनुकीय चाचणी यांपैकी काहींची गरज भासू शकते. एवढे करूनही काही बालकांत मूळ कारण सापडत नाही. तरीही फिजिओथेरपी व वाचा-उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने लगेच सुरू करावेत; आजाराचे नाव कळेपर्यंत थांबू नये.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. प्रमाणपत्र व ओळखपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो.

गरोदरपणी पाहिलेले ग्रहण किंवा कोणाची नजर यामुळे दिव्यांगत्व येत नाही. आईला दोष देऊ नये. बालकाला घेऊन आई-वडील दोघांनीही तपासणीस यावे.